कोनाडा

ज्वारी म्हणून खसखस भरायची, हे सुचायला मला चार दिवस लागले. फुटाला इंच असं माप धरलं की माणूस साडेपाच इंचांचा होतो, दार सहा इंचांचं होतं, पण ज्वारीचा दाणा काही आपलं ऐकत नाही. खरी ज्वारी त्या बळदात ओतली तर तिथल्या माणसांना एकेक दाणा लिंबाएवढा वाटेल. राजगिरा घालून पाहिला, तोही बोराएवढा. शेवटी खसखस. तिचा भाव ऐकून घरातून आवाज आला, "खऱ्या वाड्यात तरी इतकी महाग ज्वारी कधी भरली होती का?"

हा वाडा म्हणजे आमचा धाराशिव जिल्ह्यातला जुना वाडा. आता तो चार फूट लांब, तीन फूट रुंद आहे आणि ओसरीवरच्या टेबलावर बसतो. नातीला भातुकली खेळायला घर करून देतो म्हणून सुरुवात केली आणि दोन वर्षं त्यात गेली. खरं सांगायचं तर नात हे निमित्त होतं.

मूळ वाडा पडला तो असा. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आमच्या गावात माणूस गेलं नाही, पण मागची भिंत पोटातून फुगली आणि माळवदाची माती ढासळली. तिकडच्या गावांमध्ये तर आमच्यासारखीच घरं. दगडमातीच्या तीन-तीन फुटी भिंती, तुळयांवर किलच आणि वर वर्षानुवर्षं चढत गेलेला पांढऱ्या मातीचा थर. उन्हाळ्यात ज्या मातीनं आम्हाला गार ठेवलं, तिच्याच ओझ्याखाली हजारो माणसं झोपेत गेली. त्यानंतर आई त्या वाड्यात झोपली नाही. अंगणात पत्र्याचं शेड मारलं. पुढं वाटण्या झाल्या, वाडा उतरवला, लाकडं मोजून घेतली. माझ्या वाट्याला एक तुळई आणि तीन खांब आले. त्याच सागवानातून हा लहान वाडा कापलाय.

मिस्त्री जुना माणूस. त्यानं खण मोजूनच काम धरलं. ढेळज, चौक, सोपा, माजघर, देवघर, न्हाणी, सगळं मापात. माळवदाला सवणंसुद्धा ठेवलं. पण मापाप्रमाणं दीड इंच माती वर घालायला गेलो तर तो म्हणाला, "गुरुजी, मणभर वजन हुईल. पोरीच्या हातावर पडलं तर? पुन्यांदा तेच करायचं का?"

मग थर्माकोलची पाटी कापली आणि तिच्यावर मातीचा नुसता हात फिरवला. म्हणजे ज्या ओझ्यानं वाडा गेला, ते ओझं तेवढं आम्ही वगळलं. त्यात मला काही चुकीचं वाटलं नाही, अजूनही वाटत नाही. पण काय वगळलं तर चालतं आणि काय वगळलं तर चालत नाही, हा किडा तिथून डोक्यात शिरला.

भाच्यानं एक पुस्तक दाखवलं होतं. इंग्लंडच्या राणी मेरीसाठी 1924 साली असंच एक बाहुलीघर पुरं झालं. नकाशा केला लुट्येन्सनं, ज्यानं आपली नवी दिल्ली उभी केली त्यानंच. मापही हेच, फुटाला इंच. आत दिवे लागतात, नळाला पाणी येतं, लिफ्ट चालते. आणि नोकरांच्या खोल्याही आहेत. त्या पाहून मला वाटलं, बरं झालं, लपवलं नाही. मग पुन्हा चित्राकडं पाहिलं. नोकरांच्या त्या खोल्याही दिसायला गोडच! लहान केलं की सगळंच गोजिरं होतं. घाम बारा पटींनी लहान करून दाखवता येत नाही.

हे मला आक्कानं जास्त चांगलं सांगितलं. ती दिवाळीला आली तेव्हा वाडा जवळजवळ पुरा झाला होता. चूल, तिचा वैल, उतरंड, शिंकं, जातं. जात्याचा खुंटा मी काडीचा केला होता आणि ते खरंच फिरायचं. आक्कानं ते दोन बोटांनी फिरवलं. हसली. मग म्हणाली, "लई ग्वाड केलंस रं. ह्या जात्यावर आईचे तळहात कसे झालते, ते तुला ठावं हाय का? तू तर झोपलेला असायचास."

मी झोपलेला असायचो, हे खरं. जात्याची घरघर मला अंगाईसारखी आठवते. तिला नाही. वाडा एकच, पण तिच्या मापाचा काढला असता तर माजघराएवढंच जातं झालं असतं, आणि न्हाणीशेजारचा तो कोपरा, जिथं महिन्यातले चार दिवस बाजूला बसायचं, तो मी सरपणाची जागा म्हणून दाखवला नसता. तिनं कोपरा बघितला, पण त्यावर काही बोलली नाही.

आणि मग एका रविवारी माझा वर्गमित्र आला. एस.टी.त कंडक्टर होता, आता निवृत्त. गावाच्या खालच्या अंगाला राहायचे ते. त्याचा बाप आमच्याकडं कामाला होता. त्यानं चष्मा लावून बाहेरून वाडा बघायला सुरुवात केली. आतलं त्याला बघायचं नव्हतंच, त्याला आतलं माहीत नव्हतं. तो दिंडी दरवाजाच्या बाजूला थांबला.

"कोनाडा केलास," तो म्हणाला. "मोकळा ठेवलास व्हय?"

मापात होता म्हणून कोनाडा केला होता. खऱ्या वाड्यात त्यात एक कान तुटलेली कपबशी असायची. त्याचा बाप कामावरून आला की ती घ्यायचा, आजी वरून चहा ओतायची, पिऊन झाला की तो ती विसळून परत तिथंच ठेवायचा. 1950 साली घटनेनं अस्पृश्यता संपवली. कपबशी त्यानंतर वीस-बावीस वर्षं तिथं होती. शाळेत आम्ही दोघं एका बाकावर बसत होतो आणि मी तो कोनाडा रोज बघत होतो. आजी माझी फार लाडकी. तिच्या हातचा चहा म्हटलं की मला चुलीजवळचा पितळी पेला आठवतो. वरून ओतलेली धार आठवावी लागते.

मी त्याला विचारलं, "ठेवू का रे कप?"

तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मला कशाला इचारतुस गड्या? घर तुझं हाय."

तो चिडला नव्हता. चहा पिऊन, नातीशी गप्पा मारून गेला. पण मला रात्री झोप लागली नाही. मी त्याच्याकडून परवानगी मागत होतो. ठेव म्हणाला असता तर ठेवून मोकळा झालो असतो, राहू दे म्हणाला असता तर अजूनच मोकळा. कपबशी आमच्या घराची आणि तिचं काय करायचं ते त्यानं ठरवायचं, हेही वरून ओतण्यासारखंच झालं.

ठेवला नाही तर वाडा खोटा. ठेवला तर वाटाण्याएवढी ती मातीची कपबशी, बघणारा म्हणणार, अय्या, किती छान!

शाडूची केली. या मापात कान जमतच नाही, त्यामुळं तोडावा लागला नाही. सुकल्यावर कोनाड्यात ठेवली. दोनच दिवसांत नातीला दिसली.

"आजोबा, हा कप बाहेर कोण विसरलं?"

मी सांगितलं. नीट सांगता आलं नाही. शिकवण्यात जन्म गेला, पण हे मी दोन वाक्यांत उरकलं आणि खाली बघत बसलो. तिनं विचारलं, "तुझ्या आजीनं?" मी म्हटलं, हो. "आणि तू?" मी म्हटलं, मी बघत होतो.

ती काही बोलली नाही. संध्याकाळी बघितलं तर कपबशी माजघरात, उतरंडीशेजारी ठेवलेली. उचलून परत कोनाड्यात ठेवायला हात गेला आणि तसाच मागं घेतला. अजून ती तिथंच आहे.

मित्र दिवाळीला फराळाला येणार आहे. वाडा बघितल्याशिवाय तो जायचा नाही. तोवर ती कुठं असावी, ते मला ठरवायचंय.