प्रत्येक मासा खरा

अद्भुत चित्र काढायचे म्हणजे वास्तवाला रजा द्यायची, असा समज बराच रूढ आहे. मिलानचा चित्रकार ज्युसेप्पे आर्चिंबोल्दो याने तो सोळाव्या शतकातच खोटा ठरवला. १५६२ मध्ये तो हाब्सबुर्ग सम्राटांच्या दरबारात रुजू झाला आणि पुढच्याच वर्षी त्याने 'उन्हाळा' रंगवला. त्यात काकडीचे नाक, पीचचा गाल, मक्याच्या कणसाचा कान आणि उकललेल्या वाटाण्याच्या शेंगेतले दाणे म्हणजे दात. अंगरखा गव्हाच्या काड्यांचा विणलेला, त्याच्या गळपट्टीवर चित्रकाराचे नाव आणि खांद्यावर साल.

१५६६ मधले 'पाणी' याहून धाडसी आहे. सुमारे दोन फूट उंचीच्या फळीवर मासे, खेकडा, कासव, पोवळी यांची दाटी झाली आहे आणि त्या दाटीतूनच एका माणसाचा चेहरा उमटतो. त्याच्या गळ्यात मोत्यांची माळ आहे. आकारमानाचे नियम आर्चिंबोल्दोने खुशाल मोडले, पण खवल्यांवरची ओली चकाकी आणि खेकड्याच्या कवचाचा खडबडीतपणा यांत कुठेही सूट घेतली नाही. मासे ढोबळ काढले असते, तर चेहरा निव्वळ गंमत ठरला असता. प्रत्येक जीव खरा वाटतो, म्हणूनच त्यांच्यातून उगवणारा माणूस अंगावर काटा आणतो. कल्पनेची झेप निरीक्षणाच्या जोरावरच घेता येते, हे मला या चित्रात स्पष्ट दिसते.

'उन्हाळा' आणि 'पाणी' यांच्यासह ऋतू आणि महाभूते यांची ही चित्रे १५६९ मध्ये सम्राट दुसऱ्या मॅक्सिमिलियनला नजर करण्यात आली. निसर्गही सम्राटाच्या आज्ञेत आहे, असा त्यांचा दरबारी अर्थ. पुढे सम्राट दुसऱ्या रुडॉल्फलाही आर्चिंबोल्दोने फळाफुलांतून घडवले आणि ऋतुपालटाचा रोमन देव व्हर्टम्नस म्हणून रंगवले.

मला मात्र ही चित्रे उलटे सांगताना दिसतात. फळे आणि मासे काढून घेतले, तर सम्राट उरतच नाही. इथे माणूस निसर्गाचा धनी नाही, तो निसर्गाचाच बनलेला आहे. चित्रकाराच्या मनात हे होते असा माझा दावा नाही, पण त्याचा कुंचला इतका प्रामाणिक होता की दरबारी स्तुतीतूनही हे सत्य वर आलेच.

पुढे आर्चिंबोल्दो दीर्घकाळ विस्मृतीत गेला. विसाव्या शतकात अतिवास्तववादाची लाट आली, तेव्हा लोकांना तो पुन्हा आठवला. १९३६ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने अद्भुत कलेच्या प्रदर्शनात त्याला स्थान दिले. त्याच्या चित्राची प्रत हाती आली, तर चेहरा ओळखून पान उलटू नका. एकेक मासा, एकेक दाणा निरखून पाहा. चित्रकाराची खरी थोरवी तिथे आहे.