जास्वंद, स्फटिक आणि डोलणारी विंडो

लिनक्सवर चालणाऱ्या घरच्या संगणकात डेस्कटॉप इफेक्ट सुरू केले की विंडो ओढताना ती ओल्या कापडासारखी डोलते, मिनिमाइझ करताना खालच्या पट्टीत ओघळत जाते आणि तिच्या कडेने मऊ सावली पडते. हे दिसणे खरे की खोटे, आणि खोटे असेल तर ते बाळगावे का, हा प्रश्न वेदान्ताच्या चांगल्या ओळखीचा आहे. जालना जिल्ह्याला तर तो घरचाच. घनसावंगी तालुक्यातल्या जांब गावी शके १५३० मध्ये, म्हणजे इ.स. १६०८ साली, नारायण सूर्याजीपंत ठोसर जन्मले. पुढे समर्थ रामदास म्हणून ओळखल्या गेलेल्या या पुरुषाने दासबोधात माया आणि ब्रह्म यांची निवड पुन्हा पुन्हा, न कंटाळता समजावली आहे.

आधी यंत्राची रीत पाहावी. जुन्या पद्धतीत प्रत्येक प्रोग्राम थेट पडद्यावर रेखाटत असे. वरची विंडो सरकली की खालच्या प्रोग्रामला उघडा पडलेला भाग पुन्हा काढावा लागे. तो मंद असला तर वरच्या विंडोचे फराटे मागे उरत. २००४ साली, लिनक्सवर पडदा सांभाळणाऱ्या एक्स.ऑर्गच्या ६.८ या आवृत्तीत ‘कॉम्पोझिट’ ही जोड आली आणि विंडोंचे चित्र आधी पडद्याआड, स्मृतीत तयार करण्याची सोय झाली. ही सगळी चित्रे एकत्र रचून पडद्यावर आणणारा मधला प्रोग्राम म्हणजे कॉम्पोझिटर. २००६ च्या सुरुवातीला नॉव्हेलच्या डेव्हिड रेव्हमन यांनी कॉम्पिझ हा कॉम्पोझिटर पुढे आणला. ऑक्टोबर २००७ च्या उबंटू ७.१० मध्ये तो चालण्याजोग्या ग्राफिक्स कार्डांवर मुळातच सुरू असे. पाठोपाठ केडीई या डेस्कटॉपच्या क्विन या विंडो मॅनेजरनेही स्वतःचे इफेक्ट दिले.

डोलणाऱ्या विंडोकडे जवळून पाहिले तर नवल वाटते. कॉम्पिझ विंडोच्या चित्रावर चार गुणिले चार अशा सोळा बिंदूंची जाळी कल्पितो. शेजारचे बिंदू कल्पित स्प्रिंगांनी जोडलेले असतात. माऊसने एक जागा धरून ओढली की जवळचा बिंदू आधी हलतो, बाकीचे मागून खेचले जातात, आणि घर्षणामुळे डोलणे हळूहळू थांबते. स्प्रिंगचा ताठपणा आणि घर्षण हे दोन्ही आकडे सेटिंगमध्ये बदलता येतात. या साऱ्याची आतल्या प्रोग्रामला गंधवार्ताही नसते. पत्र लिहिण्याचा प्रोग्राम आपला सरळ चौकोन काढून मोकळा झालेला असतो; वाकते ती त्या चौकोनाची प्रतिमा. आणखी एक बारीक गोष्ट अशी की एक्स ११ वर, म्हणजे एक्स.ऑर्गच्या पद्धतीत, विंडो डोलत असताना तिच्यावर क्लिक केले, तर ते डोलत्या आकारानुसार मोजले जात नाही. न वाकलेल्या मूळ चौकोनात ती जागा जिथे येते, तिथे ते पोचते.

अद्वैताने सत्तेच्या तीन पायऱ्या मानल्या आहेत: प्रातिभासिक, व्यावहारिक आणि पारमार्थिक. डोलणे प्रातिभासिक आहे, कारण ते फक्त दिसते, त्याच्यावर क्लिक लागत नाही. क्लिक ज्याला लागते तो चौकोन व्यावहारिक; त्याच्या आधारावर पत्र लिहिले जाते, वीजबिल भरले जाते. यंत्राने नकळत वेदान्ताची ही वाटणी काटेकोर पाळली आहे.

भ्रमाचा नेहमीचा दाखला दोरीवर दिसणाऱ्या सापाचा. तो इथे बसत नाही. दोरी ओळखली की साप जातो; सोळा बिंदूंचे गणित कळले तरी विंडोचे डोलणे जात नाही. इथे दुसरा दाखला हवा, आणि तो परंपरेतच आहे. पांढऱ्या स्फटिकाजवळ जास्वंदीचे फूल ठेवले की स्फटिक तांबडा दिसतो. तो पांढरा आहे हे पक्के ठाऊक असणाऱ्यालाही तांबडाच दिसतो. याला सोपाधिक भ्रम म्हणतात. ज्ञानाने तो फसवेनासा होतो, पण दिसायचा थांबतो तो उपाधी, म्हणजे फूल, दूर केल्यावरच. कॉम्पोझिटर हे ते फूल. केडीईच्या प्लाझ्मा ५ मध्ये, एक्स ११ वर, आल्ट, शिफ्ट आणि एफ१२ या कळा एकत्र दाबल्या की ते उचलले जाते: सावल्या नाहीशा होतात, विंडो सरळ सरकते.

साधी माणसे इथेच एक चूक करतात, आणि ती गंभीर आहे. इफेक्ट बंद केल्यावर उरते ते खरे, असे त्यांना वाटते. पण तो सपाट चौकोनही ठिपक्यांचा आभासच असतो. काचेमागे ना खिडकी असते, ना फोल्डर, ना कचऱ्याची टोपली. एक उपाधी गेली, तिच्याखालची दुसरी उघडी पडली, इतकेच. सेटिंगमधली खूण काढून वैराग्य साधत नाही. उलट बाजूने ज्ञानदेवांची साक्षही मोलाची आहे. जालना जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून जी गोदावरी वाहते, तिच्याच वरच्या काठी, पैठणजवळ, त्यांच्या घराण्याचे आपेगाव आहे. अमृतानुभवाच्या सातव्या प्रकरणात त्यांनी अज्ञानाचे खंडन केले. दिसणारे जग हे झाकण नसून चैतन्याचाच विलास आहे, अशी त्यांची मांडणी. मग दिसण्याला मुळातच अपराधी ठरवण्याचे कारण उरत नाही.

तरीही कोणता इफेक्ट ठेवावा, हे ठरवावे लागते, आणि त्याचा निकष जांबच्या संतानेच दिला आहे. मायेचे निरूपण करणाऱ्या दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास चक्क लेखनक्रियेवर आहे. अक्षर वाटोळे, सरळ, सुटे असावे. शाई काळी असावी. ओळीतले अंतर आरंभापासून शेवटपर्यंत एकसारखे राहावे. कागदाला चहूबाजूंनी समास सोडावा. विरक्त माणूस कागदावरच्या रूपाची एवढी काळजी घेतो ती वाचणाऱ्यासाठी. हाच निकष पडद्याला लागू पडतो. कोणती विंडो वर आहे हे सावली सांगते. मिनिमाइझ होताना ओघळणारी विंडो कुठे गेली ते दाखवते. डोलणे मात्र काही सांगत नाही. ते निव्वळ विलास आहे, आणि यंत्राला झेपत असेल, पाहणाऱ्याला गरगरत नसेल, तर त्यात वावगे काही नाही.

केडीईमध्ये सिस्टिम सेटिंग्जमधील ‘डेस्कटॉप इफेक्ट्स’ या पानावर एकेकापुढे खूण करता येते. जुन्या, कमी मेमरीच्या संगणकाला एक्सएफसीई बरा: ‘विंडो मॅनेजर ट्वीक्स’मधला कॉम्पोझिटर सावली आणि पारदर्शकता देतो, फार भार टाकत नाही. जीनोममध्ये हालचाली बंद करण्याची सोय ॲक्सेसिबिलिटीत ठेवली आहे.

झूमचा इफेक्ट मात्र नीट समजून घ्यावा. घरातल्या वृद्ध व्यक्तीला पडद्यावर दासबोध वाचायचा असला की आधी झूमच सुचतो. पण कॉम्पोझिटर अक्षर मोठे करत नाही, अक्षराचे तयार चित्र ताणतो. त्यामुळे रफार, उकार आणि अनुस्वार आधी फुगतात, मग धूसर होतात. ‘द्ध’ आणि ‘द्व’ वेगळे ओळखू येत नाहीत. अशा वेळी सेटिंगमध्ये जाऊन फॉन्टचाच आकार वाढवावा, म्हणजे प्रोग्राम अक्षर नव्याने, मोठे आणि रेखीव काढतो. झूम नकाशासाठी आणि फोटोंसाठी ठेवावा.