आजच्यापुरता घासलेला लोटा

सकाळच्या आंघोळीत अंगापेक्षा मन जास्त घासणारी माणसं घरोघरी असतात. पहिलं पाणी अंगावर पडतं आणि कालचं काहीतरी आठवतं. आईशी फोनवर तुटक बोललो. ऑफिसात सगळ्यांसमोर आकडा चुकीचा सांगितला. मग तेवढी एक गोष्ट घेऊन घासणं सुरू होतं. असं का बोललो, तसं का नाही बोललो, आपण असेच आहोत का? बादली रिकामी होते, हे संपत नाही. डबा भरताना ते सोबत असतं, बसमध्येही असतं. ज्याला चांगलं वागायचं असतं त्यालाच हा त्रास होतो, हे आधी सांगायला हवं. ज्याला पर्वा नाही त्याला डाग दिसतच नाही. तेव्हा असा माणूस घरात असेल, किंवा आपणच तो असू, तर ‘एवढं काय मनाला लावून घ्यायचं’ असं म्हणून त्याला गप्प करू नये. आपल्या हातून काही उणं राहू नये, असं त्याला मनापासून वाटतं. ती ओढ चांगलीच आहे. पण तिच्यासाठी स्वतःशी वैर धरावं लागतं का?

गजानन माधव मुक्तिबोधांनी अशा एका जिवाची कहाणी कवितेत सांगितली आहे. रायपूरहून सुमारे ७० किलोमीटरवरच्या राजनांदगावात, दिग्विजय महाविद्यालयात ते १९५८ पासून शिकवत होते. घरची भाषा मराठी, लिहिणं हिंदीत. धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध हे तर मराठीतलेच कवी. गजाननरावांच्या ‘ब्रह्मराक्षस’ या कवितेत गावाबाहेरच्या ओसाड बारवेत एक विद्वान भूत राहतं. जगातलं सगळं ज्ञान त्याच्याजवळ आहे. पण आपल्यावर पापाची सावली आहे असं त्याला वाटतं. ती घालवायला ते रात्रंदिवस अंग घासत राहतं. मळ काही जात नाही. पुढे अंधारा जिना येतो. त्यावर चढणं आहे, घसरणं आहे, जखमा आहेत. वाईट आणि चांगलं यांच्यातल्या झगड्यापेक्षा चांगलं आणि अधिक चांगलं यांच्यातला झगडा त्याला जास्त जाचतो. चांगलं हातून घडलं तरी याहून चांगलं का नाही, यानंच ते पोखरलं जातं. ही कविता वाचताना मला त्या भुताची भीती वाटत नाही, कणव येते. कवीलाही ती आली. त्याची टर न उडवता त्याचं शिष्यत्व घ्यावं, त्याचं अपुरं राहिलेलं काम पुढे न्यावं, असं कवीला वाटतं. पूर्णतेची ओढ एवढी आदराची आहे, आणि तिच्यापायी माणूस मोडतो हेही तितकंच खरं आहे. मुक्तिबोध स्वतः आपल्या कविता पुन्हा पुन्हा लिहीत राहिले. त्यांच्या कवितांचा पहिला संग्रह ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ १९६४ साली निघाला, तेव्हा तो हातात घ्यायला ते राहिले नव्हते.

पूर्णतेच्या याच ओढीकडे निराळ्या नजरेनं पाहणारा एक जण आमच्या रायपुरात राहून गेला. इथल्या बुढा तालाबाला आता विवेकानंद सरोवर म्हणतात. १८७७ साली, चौदाव्या वर्षी नरेंद्र, म्हणजे पुढचे विवेकानंद, इथे वडिलांकडे राहायला आला. तेव्हा इथवर रेल्वे नव्हती. घनदाट जंगलातून बैलगाडीनं यावं लागे. वाटेत डोंगराच्या कपारीत त्यानं मधाचं एक प्रचंड पोळं पाहिलं. माशांनी किती काळ थोडं थोडं करून ते बांधलं असेल, या विचारात तो भान हरपून बसला. गावात त्याच्याजोगी शाळा नव्हती, म्हणून वडिलांनी घरीच शिकवलं. जवळजवळ दोन वर्षं तो इथे होता. पुढे १८९३ मध्ये शिकागोत याच मुलानं, माणसाला पापी म्हणणं हेच चूक आहे, असं जगाला बजावलं. पूर्णता माणसात मुळातच आहे आणि शिक्षणानं ती बाहेर यायची असते, असं ते सांगत. ब्रह्मराक्षसाला वाटतं, आपण मळाचेच आहोत. विवेकानंदांना वाटतं, आत सगळं लख्ख आहे, वर पुटं चढली आहेत. घासायचं दोघांनाही आहे, पण घासणारा हात अगदी निराळा. त्यांच्या गुरूंच्या, रामकृष्णांच्या चरित्रातला एक प्रसंग इथे आठवावासा वाटतो. त्यांना अद्वैत शिकवणारे तोतापुरी स्वतः सिद्ध असूनही रोज ध्यानाला बसत. आता कशासाठी, असं रामकृष्णांनी विचारलं. तोतापुरींनी आपला चकचकीत लोटा दाखवला. रोज घासला नाही तर हा काळा पडेल, म्हणाले. आणि लोटा सोन्याचा असेल तर, असं रामकृष्णांनी हसून विचारलं. रामकृष्णांचा प्रश्न फार वरचा आहे. पण आपण संसारी माणसांनी तोतापुरींचा लोटा हातात धरावा, असं मला वाटतं. पितळ हवेत राहिलं की काळवंडतंच, त्यात लोट्याचा गुन्हा नाही. सकाळी घासायचा, धुवायचा, पाणी भरून ठेवायचा. उद्या पुन्हा घासावा लागेल म्हणून आजचं घासणं वाया गेलं, असं कुणी म्हणत नाही. मात्र घासतच बसलं, तर तहानलेल्याला पाणी कशातून द्यायचं?

स्वतःला स्वीकारायचं म्हणजे ‘मी हा असाच’ म्हणून पाय पसरायचे, अशी धास्ती कष्टाळू माणसांना असते. प्रत्यक्षात उलटंच दिसतं. ज्याचं स्वतःशीच वैर आहे त्याला साधी चूकही कबूल करता येत नाही, कारण एक कबूल केली की आपण सगळेच कोसळू असं त्याला वाटतं. आपण मुळात बरे आहोत हे ज्याला ठाऊक आहे, त्याच्या तोंडून ‘माझं चुकलं’ हे सहज निघतं. त्याची वाढ होते ती तिथे. म्हणून आज एवढं करून पाहा. कालची जी गोष्ट टोचते आहे, ती एकदा नीट बघा. तिच्यासाठी आज करता येईल असं एकच काम ठरवा. एखादा फोन, दुरुस्त करून पाठवलेला एखादा कागद. ते झालं की तिचं घासणं झालं. दुपारी ती पुन्हा वर आली तर मनाला सांगायचं, हे सकाळी झालंय. मन लगेच ऐकणार नाही. पुन्हा सांगायचं, पण न रागावता. ज्यांची झोपच उडाली आहे त्यांनी एकट्यानं झुंजत बसू नये, जवळच्या माणसाशी बोलावं, गरज वाटली तर डॉक्टरांशीही. आणि हीच सवलत घरातल्यांनाही द्यावी. स्वतःशी कठोर असणारा माणूस नकळत नवऱ्याला, बायकोला, सुनेला, मुलांनाही घासत असतो. प्रेमापोटीच घासतो, पण लागतं. चूक एकदा सांगून झाली की ती संध्याकाळी पुन्हा काढू नये. मुलाला चार गुण कमी पडले हे त्याला कळलेलं आहे. जेवताना, पाहुण्यांसमोर आणि आजोबांच्या फोनवर ते त्याला आणखी ऐकवायचं कारण नाही.