हक्क आणि मेहरबानी

'हक्क' हा शब्द उर्दूचा तसाच मराठीचाही. उर्दूत त्याला 'सत्य' असाही अर्थ आहे. मराठीत आला तेव्हा तो अर्थ मागे राहिला आणि अधिकार तेवढा उरला. वर्गात हा शब्द शिकवताना आम्ही मुलांना सांगतो, की ज्याचे जे देणे लागतो ते त्याला देणे हा त्याचा हक्क, आणि देणे लागत नसताना दिले तर ती मेहरबानी. फळ्यावर हा फरक सोपा वाटतो. रस्त्यावर मात्र तो आम्हालाच कळला नव्हता.

आमच्या शाळेतली बरीच मुले कोंढव्याहून पुण्याच्या कॅम्पात येतात. कुणी बसने, कुणी रिक्षाने, काही सायकलने. काही वर्षांपूर्वी सातवीतला एक मुलगा लुल्लानगरच्या पुढे रस्त्याच्या अगदी कडेने चालला असताना मागून मोटारीची धडक बसली. पायाचे हाड मोडले. मोटारवाला थांबला, मुलाला दवाखान्यात घेऊन गेला आणि त्याच्या अब्बांच्या हातावर पाच हजार रुपये ठेवून निघून गेला. अब्बा शिलाईकाम करतात. आम्ही भेटायला गेलो तेव्हा ते म्हणाले, "सर, गाडीवाला अच्छा आदमी था. रुका तो सही." जमलेल्यांपैकी कुणी तकदीर म्हटले, कुणी जीव वाचल्याबद्दल शुक्र अदा केला. पोलीस-कोर्टाच्या भानगडीत पडू नका, असा सल्ला देणाऱ्यांत आम्हीही होतो. मुलाची चार महिने शाळा बुडाली.

पुढे आम्ही थोडे वाचले आणि मान खाली गेली. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 134 नुसार अपघात झाल्यावर जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे आणि पोलिसांना खबर देणे हे चालकाचे कर्तव्यच आहे. कलम 146 नुसार प्रत्येक मोटारीचा, तिच्यामुळे इतरांना होणाऱ्या इजेसाठी, विमा सक्तीचा आहे. कलम 166 नुसार जखमीला अपघात दावा न्यायाधिकरणाकडे भरपाई मागता येते. म्हणजे ज्याला आपण चांगुलपणा समजलो, ते कायद्याने लागू असलेले देणे होते आणि तेही अर्धेच दिले गेले होते. पोलिसांना खबर गेलीच नव्हती. हक्क मेहरबानी म्हणून स्वीकारायची सवय गरिबाला कशी लागते, याचा हा एक छोटा नमुना.

ही सवय एकट्या अब्बांची नाही. एके काळी पुण्याची ओळखच सायकलींचे शहर अशी होती. कारखान्यातला कामगार, कॉलेजातला प्राध्यापक, दूधवाला, सारे सायकलवर असत. पुढे मोटारसायकली आल्या, मोटारी आल्या आणि ज्यांना परवडले त्यांनी सायकल सोडली. परवडले नाही ते तिथेच राहिले. रस्ता तोच, पण त्यावरचा माणूस 'मधे येणारा' झाला. महापालिकेने सायकलमार्ग बांधले, 2017 साली सायकल आराखडाही मंजूर केला. पण अनेक ठिकाणी त्या मार्गांवर मोटारसायकली उभ्या असतात, टपऱ्या लागलेल्या असतात. कोलकात्यात तर 2013 साली पोलिसांनी 174 रस्त्यांवर सायकलला बंदी केली होती. कारण सांगितले गेले, वाहतुकीला अडथळा. जणू दूधवाला आणि पेपरवाला हे वाहतुकीचा भागच नव्हेत!

2022 साली भारतात रस्त्यांवर 1,68,491 माणसे मेली. त्यांत साडेचार हजारांहून अधिक सायकलस्वार होते. या सगळ्यांची तकदीर एकाच पद्धतीने लिहिली गेली होती काय? की वेग, अरुंद कडा आणि बेफिकिरी यांना आपण तकदीर हे नाव दिले आहे?

कुणी म्हणेल, सायकलवालेही काही कमी नाहीत. उलट दिशेने येतात, सिग्नल पाळत नाहीत, रात्री दिवा लावत नाहीत. हे खरे आहे, आणि आम्ही आमच्या मुलांना त्यासाठी रागावतोही. पण दोन्ही चुका एका तराजूत तोलता येत नाहीत. सायकलवाल्याची चूक बहुधा त्याच्याच जिवावर येते. मोटारवाल्याची चूक दुसऱ्याच्या जिवावर. ज्याच्या हातात अधिक इजा करण्याची ताकद, त्याच्यावर सांभाळण्याची जबाबदारीही अधिक, एवढाच साधा न्याय आहे. नेदरलँड्समध्ये 1971 साली तीन हजारांहून अधिक माणसे रस्त्यांवर दगावली, त्यांत चारशेहून अधिक मुले होती. आईबाप रस्त्यावर उतरले, तेव्हा कुठे ते रस्ते बदलू लागले. आज तिथला कायदा सायकलस्वाराला इजा झाली की आधी मोटारवाल्याला जबाबदार धरतो. तिथेही हा हक्क आपोआप मिळालेला नाही.

आणि आम्ही तरी कोण? बी. एड. होऊन नोकरी लागली तशी आम्हीही हप्त्यावर मोटारसायकल घेतली. शाळेला उशीर होत असला की पुढच्या सायकलवाल्याच्या पाठीशी हॉर्न वाजवणारे आम्हीच. त्या हॉर्नचा अर्थ 'बाजूला हो' एवढाच नसतो. 'हा रस्ता तुझा नाही' असेही आम्ही त्याला सांगत असतो. रस्त्यातला दगड उचलून बाजूला ठेवणे हे नेकीचे काम, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. दगड उचलतो, पण आपण स्वतःच कुणाच्या वाटेतला दगड झालो आहोत, हे दिसत नाही. हुकूकुल इबाद, म्हणजे बंद्यांचे हक्क, आपण शेजारी, नातेवाईक आणि देण्याघेण्यापुरते मोजतो. ज्याचा हक्क मारला त्याने माफ केल्याशिवाय ते माफ होत नाहीत, हे आपल्याला ठाऊक आहे. मग ज्याला घासून पुढे गेलो, त्या अनोळखी सायकलवाल्याची माफी आपण कुठे मागणार? ती मागता येत नाही, म्हणून वेग तिथेच कमी करायला हवा.

आता शाळेत आम्ही वर्षातून एकदा पालकांना बोलावून ही कलमे उर्दूत समजावून सांगतो. अपघात झाला तर गाडीचा नंबर लिहून घ्या, पोलिसांत नोंद करा, दवाखान्याचे कागद जपून ठेवा, आणि परस्पर मिटवू नका. पहिल्या सभेला त्या मुलाचे अब्बाही आले होते. मुलगा आता बसने येत होता, सायकल भंगारात गेली होती. सभा संपल्यावर ते जवळ आले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. एवढेच म्हणाले, "सर, ये उस वक्त बोलना था."

आमच्याकडे उत्तर नव्हते. तो त्यांचा आमच्यावरचा हक्क होता.