उद्याचं बळ उद्या मिळेल

वाचन : मत्तय ६:२५-३४
७ मार्च, संत पर्पेतुआ आणि संत फेलिसिता यांचा सण



उद्याचं ओझं आज उचलू नका, हा आजच्या वचनाचा बोध. वाचायला सोपा आहे. पण ज्याला खरंच भीती वाटतेय त्याने काय करायचं?

इ.स. २०३ मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेज शहरात पर्पेतुआला विश्वासासाठी अटक झाली. वय साधारण २२, अंगावर पिणारं बाळ. तुरुंगातले दिवस तिने स्वतः लिहून ठेवले आणि ते आजही वाचायला मिळतात. त्यात ती काही लपवत नाही. आत शिरताच ती घाबरली, कारण इतका काळोख तिने कधी पाहिलाच नव्हता. वर गर्दी, उकाडा आणि बाळाची काळजी.

देवाने तुरुंगाची दारं उघडली नाहीत. पण मंडळीतले दोन डीकन आले. त्यांनी पहारेकऱ्यांना पैसे देऊन कैद्यांना काही तास बऱ्या जागेत हलवलं. तिथे पर्पेतुआने भुकेने मलूल झालेल्या बाळाला पाजलं. पुढे बाळाला जवळ ठेवायची परवानगी मिळाली, आणि तोच तुरुंग तिला राजवाड्यासारखा वाटू लागला. त्या दिवसाला पुरेल एवढं तिला मिळालं.

तिच्यासोबत फेलिसिता होती, एक गुलाम स्त्री, आठ महिन्यांची गरोदर. तुरुंगातच तिला कळा सुरू झाल्या. ती ओरडली तेव्हा एका पहारेकऱ्याने टोमणा मारला, की आताच ही अवस्था, तर श्वापदांसमोर काय करशील? तिच्या उत्तराचा आशय असा : आज हे दुःख मी एकटी सोसतेय, पण तेव्हा माझ्यात दुसरा कोणीतरी असेल, तो माझ्यासाठी सोसेल.

हा पहारेकरी आपल्याही ओळखीचा आहे. आम्हा आयटीवाल्यांकडे तो रात्री लॅपटॉप मिटल्यावर येतो. पुढच्या यादीत तुझं नाव आलं तर? फ्लॅटचा हप्ता कसा भरशील? आईचे रिपोर्ट वाईट आले तर? उत्तर सापडत नाही, आणि आपल्याला वाटतं की आपला विश्वासच कमी पडतोय. तसं नाही. प्रश्न उद्याचा आहे आणि हातातलं बळ आजचं आहे, मग हिशोब जुळणार कसा?

फेलिसिताने कळा लपवल्या नाहीत, शूरपणाचा आव आणला नाही. उद्या मला भीती वाटणार नाही, असंही ती म्हणाली नाही. उद्या मी एकटी नसेन, एवढंच तिला पक्कं ठाऊक होतं. तिला मुलगी झाली आणि एका ख्रिस्ती बहिणीने ती वाढवली. पर्पेतुआ आणि फेलिसिता दोघींनी रिंगणात प्राण दिले. देवावर भरवसा ठेवला म्हणजे संकट टळतंच असं नाही. पण त्या रिंगणात त्या एकट्या गेल्या नाहीत.

म्हणून आज भीती वाटली तर ती प्रभूला जशीच्या तशी सांगा. आणि शेजारी कोणी काळोखात बसलं असेल, तर त्या दोन डीकनांसारखं काही तासांचा उजेड घेऊन जा.

प्रार्थना : प्रभू, मला भीती वाटते. आजपुरतं बळ दे, आणि उद्या तू तिथे असशील हा विश्वास दे. आमेन.