चार मेणबत्त्या, चार सवयी



आज आगमनकाळाचा पहिला रविवार. ख्रिस्तसभेचे नवे उपासना वर्ष आजपासून सुरू होत आहे. वेदीजवळच्या हिरव्या चक्रात चारपैकी एकच मेणबत्ती पेटली आहे. बाहेर आपल्या बोरी अरबच्या शिवारात मात्र कोणालाच उसंत नाही. कपाशीचा वेचा चालू आहे आणि वेचायला मजूर मिळत नाहीत. हरभऱ्याला व गव्हाला ओलीत करायचे आहे. कृषिपंपाची वीज पाळीपाळीने येते. रात्रीची पाळी असली की घरचा कर्ता माणूस थंडीत बॅटरी घेऊन शेतात जातो आणि पहाटे परत येतो. तोवर घरची बाई चुलीपाशी बसलेली असते, मुले शाळेच्या गडबडीत असतात. नवराबायकोची भेट होते ती दारात, तीही 'पंप चालू आहे का' एवढे विचारण्यापुरती.

गेल्या काही आठवड्यांत घरभेटींच्या निमित्ताने आम्ही आपल्या धर्मग्रामातल्या बऱ्याच घरी बसलो. चहा झाला, प्रार्थना झाली आणि उठता उठता कोणीतरी हळूच म्हणाले, "फादर, रात्री झोपच लागत नाही." कोणी म्हणाले, "घरात आहोत सगळे, पण कोणी कोणाशी बोलत नाही." ही वाक्ये आमच्या मनातून जात नाहीत. म्हणून आज थोडे घराबद्दल आणि रोजच्या दिवसाबद्दल बोलू या.

पवित्र शास्त्रात असाच एक थकलेला माणूस भेटतो. राजे या पहिल्या पुस्तकाच्या 19 व्या अध्यायात एलिया संदेष्ट्याची गोष्ट आहे. ईजबेल राणीच्या धाकाने तो पळाला, रानात एका झुडपाखाली येऊन बसला आणि आता मरण आले तर बरे, असे देवाला म्हणाला. एवढा मोठा संदेष्टा, पण त्यालाही तसे वाटले. तेव्हा देवाने काय केले? त्याला रागावला नाही, 'तुझा विश्वास कमी आहे' असे सुनावलेही नाही. एलिया झोपला. देवदूताने त्याला उठवून भाजलेली भाकर आणि पाणी दिले. तो पुन्हा झोपला. देवदूताने पुन्हा उठवून खाऊ घातले. त्या बळावर तो चाळीस दिवस चालत होरेब डोंगरापर्यंत गेला, आणि देवाचा मंद स्वर त्याने ऐकला तो तिथे, नंतर. आधी भाकर, पाणी, झोप आणि जवळ कोणीतरी. मग उपदेश.

आमच्या सेमिनरीच्या दिवसांत तत्त्वज्ञानाच्या वर्गात संत थॉमस अक्विनास शिकताना आम्हाला एका गोष्टीचे हसू आले होते. तेराव्या शतकातल्या या महापंडिताने दुःखावरचे उपाय सांगताना मनाला आनंद देणाऱ्या गोष्टी, रडणे, मित्रांची सहानुभूती आणि सत्याचे चिंतन यांच्याबरोबर झोप आणि स्नान हेही उपाय सांगितले आहेत. एवढ्या मोठ्या ग्रंथात आंघोळ कशाला, असे तेव्हा वाटले. आज घरोघरी फिरल्यावर कळते की त्या संताला माणूस कळला होता. मन आणि शरीर ही दोन वेगळी घरे नाहीत. एकाचे छप्पर गळले की दुसऱ्यात ओल येते.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. वेळापत्रकाने कर्ज फिटत नाही, कापसाला भाव मिळत नाही. आपल्याच यवतमाळ जिल्ह्यातील चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी 19 मार्च 1986 रोजी पत्नी व चार मुलांसह जीवनाचा अंत केला. 2017 पासून दरवर्षी त्या दिवशी अनेक लोक अन्नत्याग करून त्या कुटुंबाचे स्मरण करतात. 19 मार्च हा आपल्या ख्रिस्तसभेत संत योसेफाचा सण आहे. कुटुंबाचा रक्षक, कष्टकऱ्यांचा संत आणि शांत मरणाचा आश्रयदाता, त्याचा हा दिवस! दोन गोष्टी एकाच तारखेला याव्यात हे आम्हाला दरवर्षी टोचते. शेतकऱ्याच्या अडचणीला भाव, पाणी, धोरण अशी मोठी कारणे आहेत आणि त्यांवर मोठेच उपाय लागतील. पण ओझे डोक्यावर असताना माणूस घरातच एकटा पडू नये, एवढे तरी आपल्या हाती आहे. दिवसाला घडी असली तर घरातली माणसे रोज एकमेकांच्या समोर येतात, आणि समोर आलेल्याचा चेहरा वाचता येतो.

सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठवासीयांसाठी नियमावली लिहिली. तिचे 73 अध्याय आहेत. प्रार्थना, श्रम आणि वाचन यांच्याबरोबर जेवण व झोप यांचीही वेळ त्याने ठरवून दिली. आपले घर मठ नव्हे आणि शेती घड्याळावर चालत नाही. म्हणून आम्ही चारच सवयी सुचवतो. आगमनकाळाच्या एकेका रविवारी मेणबत्ती पेटेल, त्या आठवड्यात एकेक सवय लावू.

पहिला आठवडा : सकाळ. मार्कच्या शुभवर्तमानात प्रभू येशू पहाटे अंधार असतानाच उठून एकांतात प्रार्थनेला जातो. आदल्या दिवशी सगळे गाव दारात लोटले होते, तरी त्याने ती वेळ सोडली नाही. आपणही उठल्यावर मोबाईल हाती घेण्याआधी क्रूसाची खूण करू आणि पाच मिनिटे देवाजवळ बसू. आणि बॅटरी, चाव्या, मुलांचे दप्तर, डबा या वस्तू रात्रीच ठरलेल्या जागी ठेवू. क्षुल्लक वाटते, पण सकाळचे निम्मे भांडण 'कुठे ठेवले' यावरूनच होते.

दुसरा आठवडा : एक जेवण एकत्र. दिवसातून एकदा सगळे घर एका पंगतीला बसावे. टीव्ही बंद, मोबाईल बाजूला. रात्रीच्या ओलिताची पाळी असेल तर संध्याकाळच्या आंजेलुसच्या प्रार्थनेनंतर, शेतात जायच्या आधी बसा. त्या ताटावर कर्जाचा विषय नको, मुलांचे मार्क नकोत. फक्त 'आज दिवस कसा गेला' एवढे विचारा, आणि उत्तर पूर्ण ऐका.

तिसरा आठवडा : हिशेबाची वेळ. रविवारी मिस्सानंतर अर्धा तास नवराबायकोने एकत्र बसावे. बँकेचे पासबुक, सातबारा, बियाणे-खते-फवारणीच्या पावत्या एका पिशवीत ठेवाव्यात. सोसायटीचे किती, बचत गटाचे किती, कृषी केंद्राची उधारी किती, हे वहीत लिहावे. सावकाराचे घेतले असेल तर तेही लिहावे. आमचा अनुभव असा की कर्जाच्या आकड्यापेक्षा लपवलेला आकडा माणसाला जास्त जाळतो. उद्याची चिंता उद्यावर सोपवा, असे प्रभू सांगतो. याचा अर्थ हिशेब ठेवू नका, असा नाही. हिशेबाला एक वेळ द्या, म्हणजे तो रात्री दोन वाजता तुम्हाला उठवणार नाही.

चौथा आठवडा : विसावा. काम करून आलेल्या शिष्यांना प्रभू म्हणाला, की एकांतात येऊन थोडा विसावा घ्या. विश्रांती ही आळशीपणाची गोष्ट नाही, ती देवाची आज्ञा आहे. ती आज्ञा मुलगा, मुलगी, दास, दासी आणि बैल यांनाही लागू आहे. पोळ्याला आपण बैलाच्या मानेवर जू ठेवत नाही. मग बंधूंनो, घरातल्या माउलीचा पोळा कधी? वेचा करून येणारी, पाणी भरणारी, भाकरी थापणारी ती सगळ्यांत शेवटी निजते. मार्था कामाने त्रासली होती आणि मरिया प्रभूच्या पायाशी बसली होती. कोणी मार्थेच्या हाताखाली काम केले असते तर तीही बसली असती. रविवारी दुपारची भांडी आणि पाणी पुरुषांनी व मुलांनी करावे. लाज वाटून घेऊ नये. नासरेथच्या घरात योसेफ हात बांधून बसला असेल, असे आम्हाला वाटत नाही.

एक दिवस घडी मोडेल. पाऊस येईल, पाहुणे येतील, पंप जळेल. मोडू द्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करा. आमचीही प्रार्थनेची वेळ कितीदा चुकते, रात्री मोबाईल पाहत आम्हीही जागतो. हे सांगताना आम्ही उंचावर उभे नाही, तुमच्याच रांगेत आहोत.

आणि एवढे करूनही ज्याचे मन अंधारातच राहील, जगणे नको वाटेल, त्याने ते मनात ठेवू नये. घरच्यांना सांगावे, डॉक्टरांकडे जावे. आमच्या घराचे दार रात्रीही वाजवावे. शासनाच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक विनामूल्य आहे आणि चोवीस तास चालतो. तो पासबुकाच्या पिशवीवर लिहून ठेवा. मदत मागणे हा विश्वासाचा कमीपणा नाही. एलियानेही देवदूताच्या हातची भाकर घेतलीच.

नाताळच्या रात्री प्रभू एका साध्या घरातल्या कष्टकरी जोडप्याच्या हाती आला. या चार आठवड्यांत त्याच्यासाठी घर सारवू, रंगवू. त्याबरोबर त्याला बसायला आपल्या दिवसात थोडी जागाही करू. बाळ येशू तुमच्या घराला शांत झोप आणि एकत्र बसून खाल्लेली भाकर देवो. आमेन.

आपला ख्रिस्तात,
धर्मग्रामाचे धर्मगुरू