एकाचे पंख, सर्वांची पुंजी

मुलाने किंवा मुलीने वैमानिक व्हावयाचे म्हटले की घरात आनंद होतो, आणि पाठोपाठ चिंताही येते. प्रश्न केवळ पैशाचा नाही. एकाच्या स्वप्नासाठी साऱ्या घराची पुंजी पणाला लावणे योग्य आहे काय, हा नीतीचा प्रश्न आहे.

आधी हिशेब पाहू. आपल्या देशात व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी किमान 200 तासांचे उड्डाण करावे लागते. शिवाय हवामानशास्त्र, हवाई नियम इत्यादींच्या लेखी परीक्षा असतात. या शिक्षणास आज साधारणपणे 50 लाख रुपये किंवा त्याहून अधिक लागतात. पुढे एअरबस किंवा बोइंगसारख्या विशिष्ट विमानाचे प्रशिक्षण. त्याचा खर्चही पुष्कळदा उमेदवारच सोसतो. एवढे करून हाती येतो तो परवाना, नोकरी नव्हे. किंगफिशर 2012 साली, जेट एअरवेज 2019 साली आणि गो फर्स्ट 2023 साली बंद पडली. 2020 च्या टाळेबंदीत देशांतर्गत प्रवासी विमाने दोन महिने जमिनीवर उभी होती. कर्जावरील व्याज मात्र असे थांबत नाही.

म्हणून स्वप्न दाबून टाकावे काय? नाही. भीतीपोटी मुलाच्या अंगचा गुण मारणे हाही अन्यायच. पण कोणी म्हणेल, "आईवडील स्वखुशीने देतात, मग कोणाचे काय बिघडले?" बिघडते त्यांचे, ज्यांना कोणी विचारलेलेच नसते. धाकट्या बहिणीचे शिक्षण आणि आजीचे औषधपाणी यांच्या वतीने त्या बैठकीत कोण बोलतो? आपल्या वाट्यातून देणे हा त्याग होय. दुसऱ्याच्या वाट्यातून देण्याला ते नाव शोभत नाही.

तेव्हा तीन गोष्टी कराव्यात. शेत किंवा घर गहाण टाकण्याआधी प्रथम वर्गाची वैद्यकीय तपासणी करून घ्यावी, कारण तिच्यावाचून हा परवाना मिळत नाही. किती रक्कम गेली म्हणजे थांबावयाचे ते सर्वांनी मिळून आधीच ठरवावे. बुडत्या पैशामागे पैसा टाकताना विवेक शाबूत राहत नाही. आणि भावंडांचा वाटा कर्जाप्रमाणे वहीत लिहून ठेवावा. पगार सुरू झाला की तो आधी फेडावा, मोटार नंतर घ्यावी.

पैसा तरी फिटतो, वेळेचे काय? वैमानिकाची पाळी रविवार, सण किंवा लेकराचा वाढदिवस पाहून लागत नाही. 2025 साली भारतात वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती 36 तासांवरून 48 तासांवर नेण्यात आली. ही विश्रांती सुरक्षिततेसाठी आहे, म्हणून रात्रीच्या उड्डाणाहून आलेल्याला घराने झोपू द्यावे. पण जाग आल्यावर मुलांशेजारी बसणे हे त्याचे कर्तव्य आहे. मागे एकटीने घर सांभाळणाऱ्या पत्नीला "तुला काय कमी आहे?" असे विचारणारा मोठी चूक करतो. त्या पगारात तिचेही श्रम आहेत. वैमानिक पत्नी असेल, तर पतीविषयीही हेच म्हणावयाचे.

रविवारच्या शाळेत आपण मुलांना विचारतो, "मोठेपणी कोण होणार?" त्यासोबत "त्यासाठी घरात कोणाला काय सोडावे लागेल?" हेही विचारावे. बुरूज बांधणाऱ्याचा दृष्टांत आपण त्यांना शिकवतोच; त्या हिशेबात रुपयांबरोबर माणसेही मोजावयास त्यांना शिकवू या.